विचारलं तेवढंच

आमच्या बाव्वलभावोजींना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, तर ते आधी खरोखर विचार करतात आणि मग सांगतात, "गुडघा दुखतोय, बाकी बरा." झालं. त्यापुढं एक अक्षर नाही. समोरच्याचं कसं चाललंय, पोरंबाळं काय म्हणतात, हे विचारायची माणसाला रीत असते की नाही? पण नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, थोरले दीर आपल्यावर नाराज दिसतात. नवऱ्यापाशी बोलले तर निल्लास हसत सुटला. म्हणाला, "अगं, नाराज असता तर सांगितलं असतं त्यानं. तू विचार तरी."

मी कशाला विचारतेय.

पुढं कळलं की हा स्वभावच. विचारलं तेवढ्याचंच उत्तर, आणि ते उत्तर खरं. या दोन गोष्टी एकाच माणसात असल्या की घरच्यांच्या नाकी नऊ येतात. एका हिवाळ्यात ते बर्फावर घसरले नि मनगट मोडलं. शहरातल्या दवाखान्यात गेले. गुडघ्यामुळं लंगडत आत शिरले, म्हणून नर्सबाईनं विचारलं, "पाय मुरगळलाय का?" "नाही." "डोक्याला लागलं?" "नाही." "चक्कर वगैरे येते?" "नाही." बिचारीला वाटलं, म्हातारा एकटा पडलाय, माणसांत बसायला आला असेल. तिनं कॉफी दिली आणि घरी पाठवलं. ह्यांनी कॉफी डाव्या हातानं प्यायली आणि आले परत. मी त्यांना पुन्हा गाडीत घालून नेलं आणि दारातूनच सांगितलं, "हात बघा, हात."

तरुणपणी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मुलीचं त्यांच्यावर मन होतं. हिवाळ्याच्या जत्रेआधी तिनं विचारलं, "बाव्वल, तू जत्रेला जाणार आहेस?" हे म्हणाले, "जाणार आहे." ती थांबली. आता हा म्हणेल, तू येतेस का. हे कुठले म्हणायला? ती पार बर्फ वितळेपर्यंत थांबली आणि मग एका शाळामास्तराशी लग्न करून मोकळी झाली. भावोजी एकटेच राहिले. वाईट वाटलं का, म्हणून मी एकदा विचारलंच. "हो," म्हणाले. नुसतं हो.

निल्लास गेल्यापासून रेनडिअरचा कळप आम्ही तिघं मिळून बघतो. भावोजी, मी आणि माझी मुलगी रिस्तीन. उन्हाळ्यात जनावरं डोंगरावर, हिवाळ्यात खाली जंगलात. किती आहेत ते विचारू नका. आम्हा उत्तरेकडच्या सामी लोकांत ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या बँकेच्या पुस्तकात डोकावणं. पुरेशी आहेत. हिवाळ्यात ती खुरानं बर्फ उकरतात आणि खालचं पांढरं दगडफूल खातात. पण आजकाल ऐन नाताळात पाऊस पडतो. मागोमाग कडाका येतो, आणि त्या पाण्याची बर्फाच्या पोटात काच होऊन बसते. खालच्या चाऱ्याचा वास येतो, पण तोंड पोचत नाही. अशा वर्षी आमचा कळप जगतो तो गुओसवारीवर.

गुओसवारी म्हणजे स्प्रूसच्या म्हाताऱ्या झाडांची टेकडी. या झाडांना दाढ्या असतात. लाह्पू म्हणतो आम्ही त्याला. दगडफुलाच्याच जातीचं, पण फांद्यांवरून लोंबणारं. एक काळं, एक राखाडी, आणि एक फिकट रुपेरी, पोरीच्या वेणीसारखं हातभर लांब. ते रुपेरी आता फारच कमी राहिलंय. विद्यापीठातली माणसं मुद्दाम त्याच्यासाठी येतात, भिंगातून बघतात आणि दर वर्षी जास्तच पडेल चेहऱ्यानं परत जातात. दाढी काही कुठल्याही झाडाला येत नाही. झाडानं शंभरी गाठावी लागते, आजूबाजूला ओल टिकावी लागते, तेव्हा कुठं ती धरते आणि मग सावकाश, मनाला येईल तशी वाढते. लाकूडकंपनीनं तोडून पुन्हा लावलेलं जंगल म्हणजे पलटण. सगळे एका उंचीचे, रांगेत उभे, आणि दाढी ठेवायची परवानगी नाही. म्हातारपण यायच्या आत पुन्हा तोडणी. खोऱ्यात बाकी सगळीकडं पलटणीच झाल्यात. गुओसवारी तेवढी उरली होती. जमीन तीही कंपनीचीच, चराईचा हक्क आमचा, आणि या दोहोंच्या मध्ये काय ते सगळं भांडण.

तर गेल्याच्या गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नाताळात पाऊस झाला, जानेवारीत सगळं गोठलं. मी आणि भावोजी गुओसवारीच्या पायथ्याशी रस्त्याकडेला होतो. ते काठीनं बर्फ टोचून बघत होते आणि दर वेळी ठक्‌ असा आवाज येत होता. तेवढ्यात कंपनीची गाडी थांबली आणि हाम्पुस उतरला. हा कंपनीचा नवीन माणूस. लालबुंद गाल, कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी. पोरगा चांगला आहे, हे मी आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. त्याची आजी आमच्यातली. पण तिला शाळेत आपली भाषा बोलली म्हणून मार बसायचा, तेव्हा तिनं पुढं पोरांना शिकवलीच नाही. हा आता संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती शिकत होता. कुठली झाडं तोडायची ते ठरवण्याआधी कंपनीला कायद्यानं कळपवाल्यांना विचारावं लागतं, ते विचारायचं हे त्याचं काम.

हातमोजा काढून त्यानं हात मिळवला आणि एकेक शब्द जुळवत आमच्याच भाषेत विचारलं, "काका, या टेकडीवर गुओह्तुन आहे का?"

भावोजींनी काठी पुन्हा एकदा बर्फात मारली. ठक्‌.

"नाही," ते म्हणाले.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

हाम्पुसचा चेहरा फुलला. आपलं वाक्य बरोबर आलं, समोरच्याला कळलं आणि उत्तरही आपल्याला कळलं. त्यानं आमच्या भाषेत आभार मानले आणि गाडीत बसून गेला. मी म्हटलं, "गोड बोलतो हो पोरगा." भावोजी म्हणाले, "हं."

मी तिथंच उभी होते. यात काही चुकलं असं मला वाटलं नाही, आमच्यातल्या कुणालाच वाटलं नसतं. उत्तर बरोबरच होतं. गुओह्तुन म्हणजे चारा नव्हे. चारा काय, जमिनीवर असतोच, तो कुठं पळून जातोय? बर्फातून जनावराचं तोंड त्या चाऱ्यापर्यंत पोचतंय का, ते गुओह्तुन. ताट वाढलंय, पण वर परात पालथी घालून तिच्यावर धोंडा ठेवला, तर जेवण आहे म्हणायचं का? त्या वर्षी काचेमुळं गुओह्तुन नव्हतंच. आणि झाडावरच्या दाढीला कुणी गुओह्तुन म्हणत नाही, ती काही बर्फाखाली नसते. हाम्पुसला मात्र वर्गात त्या शब्दाचा अर्थ सांगितला होता 'चराई'. त्यानं जाऊन वर कळवलं की गुओसवारीवर चराई नाही, खुद्द थोरल्या माणसानं सांगितलं आणि तेही त्यांच्याच भाषेत.

ऑगस्टमध्ये रिस्तीन वर गेली तर झाडांना तोडणीच्या नारिंगी फिती बांधलेल्या.

रिस्तीन कळपवाल्यांच्या संस्थेची अध्यक्ष आहे. कायदा तिला तोंडपाठ आणि जीभ तिखट. ती माझ्यावर गेलीय असं लोक म्हणतात, आणि मी नाही म्हणत नाही. कंपनीला फोन करून ती तशीच स्वयंपाकघरात आली. भावोजी जेवत होते.

"काका, त्या हाम्पुसला तुम्ही गुओसवारीबद्दल काय सांगितलंत?"

"गुओह्तुन नाही म्हणून."

"आणि लाह्पू? लाह्पूचं काय?"

"ते त्यानं विचारलं नाही."

रिस्तीननं कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, "अहो भावोजी, दोन शब्द जास्त बोललात तर जीभ झिजते का तुमची?" भावोजी ताट अर्धं टाकून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत बसले. फोडायची लाकडं संपली होती. फोडलेलीच पुन्हा फोडत होते.

सप्टेंबरात कंपनीबरोबर बैठक झाली, आमच्याच सभागृहात. टेबलावर कॉफी, दालचिनीचे पाव आणि एका ताटलीत सुकवलेलं मांस. कंपनीकडून हाम्पुस आला होता आणि त्याची वरची बाई. बाई सभ्य होती, फक्त घाईत होती. आल्या आल्या तिनं विचारलं, तुमची जनावरं किती. आम्ही सगळ्यांनी छताकडं बघितलं. हाम्पुस तिच्या कानात काहीतरी कुजबुजला, तेव्हा कुठं तिनं तो विषय सोडला.

रिस्तीननं छान मांडलं. शब्दाचा घोळ कसा झाला, काचेच्या वर्षी या दाढ्या म्हणजे आम्हाला काय, रुपेरी लाह्पू आता खोऱ्यात इथंच कसं उरलंय, सगळं सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असेलही. पण तोडणीची वेळ आली की शब्दांचे अर्थ बदलतात, असा आमचा अनुभव आहे. ज्यांनी नाही म्हटलं त्यांनाच सांगू दे. शब्दही तुमचाच घेते. गुओसवारीवर गुओह्तुन आहे की नाही? हे आहे म्हणाले तर फिती मी काढायला लावते."

सगळ्यांच्या माना भावोजींकडं वळल्या. नुसतं 'आहे' म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

भावोजी म्हणाले, "बर्फ पडलेला नाही."

"म्हणजे?"

"बर्फ पडल्याशिवाय गुओह्तुन कसं कळणार?"

खरं आहे ते. सप्टेंबरात गुओह्तुन आहे का विचारणं म्हणजे पीठ दळायच्या आधी भाकरी करपली का विचारणं. पण ही काय खरं बोलायची वेळ होती? मी टेबलाखालून त्यांच्या नडगीवर लाथ मारली. रिस्तीन ओठ न हलवता म्हणाली, "काका, आहे म्हणा." भावोजींनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. सत्तरी ओलांडलेला माणूस, कपाळावर घाम आला होता. मला दया आली, पण लाथ मी आणखी एक मारली.

"आहे," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. बाई उठण्याच्या बेतात होती. उठता उठता हाम्पुसकडं वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "म्हणजे तू साफ चुकीचं ऐकलंस. भाषा येत नाही तर बोलायला कशाला जातोस?"

हाम्पुसची मान खाली गेली. "मला वाटलं, ते नाही म्हणाले," तो पुटपुटला. "नीट लक्ष देऊन ऐकलं होतं मी."

"बरोबर ऐकलंस तू," भावोजी म्हणाले.

कुणी विचारलं नव्हतं बरं का. हयातीत पहिल्यांदा माणूस न विचारता बोलला, आणि बोलला ते हे. बाई पुन्हा खाली बसली. "मग खरं कुठलं?" तिनं विचारलं.

"जानेवारीतलं."

फिती राहिल्या.

परत येताना गाडीत मी तोंड सोडलं. म्हटलं, "परक्या पोराला दोन बोल बसले म्हणून टेकडी देऊन टाकलीत? उद्या जनावरं उपाशी मरतील तेव्हा त्यांना सांगा, हाम्पुसनं बरोबर ऐकलं होतं म्हणून." भावोजी खिडकीबाहेर बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "त्याला भाषा येते, सुन्ना. येत नाही असं कसं म्हणू द्यायचं? त्याच्या आजीला मारून काढून घेतली होती ती."

माझा राग काही गेला नाही. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्यापुढं कप नुसता आदळायची. त्यांना माझा राग कळत होता, आणि तो असायलाच हवा असं त्यांच्या तोंडावर दिसायचं, त्यानं मी आणखीच चिडायची.

जमीन गोठल्याशिवाय तोडणीचं यंत्र टेकडी चढत नाही, म्हणून कामाला जानेवारी उजाडला. नाताळात पुन्हा पाऊस झालाच होता. पुन्हा काच. कळप खालच्या पलटणींतून उपाशी फिरत होता, बरगड्या मोजता याव्यात अशी अवस्था. रिस्तीननं विकतचा चारा आणला. काही जनावरं तो खातात, काहींचं पोट बिघडतं, आणि गाभण माद्या तर तोंडच फिरवतात. आम्ही सकाळी उठलो की आधी कुठली आडवी पडलीय ते बघायचो.

एका सकाळी वारा फिरला आणि वरून यंत्राच्या करवतीची घरघर ऐकू आली. मागोमाग झाड कोसळल्याचा धप्प आवाज. सगळ्या कळपानं माना वर केल्या. काचेच्या वर्षी भावोजी वर जाऊन वाऱ्यानं पाडलेली झाडं कापतात, फांद्या मोकळ्या करून देतात. त्यांच्या आधी सासरे कुऱ्हाडीनं करायचे. तो आवाज आला की खायला आलं, हे आमच्या जनावरांना जन्मापासून ठाऊक. भावोजींची करवत कुठली नि कंपनीची कुठली, त्यांना काय कळणार? एक म्हातारी मादी पुढं निघाली आणि तिच्यामागं अख्खा कळप टेकडी चढायला लागला. मी बर्फावरची स्कूटर काढली, भावोजी मागं बसले.

खालचा पट्टा आडवा झालेला होता. वारा उलटा होता म्हणून इतके दिवस आम्हाला ऐकू आलं नव्हतं. जिथं भर दुपारीसुद्धा अंधार असायचा, तिथं लख्ख आभाळ दिसत होतं. भावोजी त्या बुंध्यांकडं बघत राहिले आणि मला तिकडं बघवेना. पुढं यंत्र बंद करून उभं होतं. त्याच्या पायरीवर ते चालवणारा तोर्ग्नी, आमच्याच खोऱ्यातला, निवृत्तीला टेकलेला. त्याच्या चहूबाजूंनी, यंत्राच्या चाकांमधूनसुद्धा, रेनडिअरच रेनडिअर. पडलेल्या झाडांच्या दाढ्या ओरबाडून खात होते.

"बाव्वल, बाबा, आवर ही तुझी फौज," तोर्ग्नी म्हणाला. "एखाद्यावर झाड पडलं तर जन्माची टोचणी लागेल मला."

भावोजी गप्प. तो काही प्रश्न नव्हता.

"हाकलता येतात का तुला?"

"येतात."

तोर्ग्नी थांबला. भावोजीही थांबले. मी तोंडावर मफलर ओढून घेतला.

"मग हाकलतोस का?"

"नाही."

एवढं बोलून भावोजी एका बुंध्यावर बसले, काटक्या पेटवल्या आणि किटली चढवली. तोर्ग्नीनं शिव्या दिल्या, फोन केला आणि मग कॉफी प्यायला खाली उतरला. आमच्याकडं भांडण वेगळं आणि कॉफी वेगळी.

दुपारी हाम्पुस आला. बैठकीनंतर तो आम्हाला प्रथमच भेटत होता, डोळ्याला डोळा देत नव्हता. एक गाभण मादी त्याच्या बुटाशी पडलेल्या फांदीवरून रुपेरी वेणी ओढत होती, तिच्याकडं तो बराच वेळ बघत राहिला.

"काका, ही इथून कधी जातील?"

"खाऊन झालं की."

"आणि यंत्र पुन्हा सुरू केलं तर?"

"येतील."

तोर्ग्नीला हसू आवरेना. "म्हणजे मी यंत्र चालवतच नाहीय," तो म्हणाला. "जेवणाची घंटा वाजवतोय."

आणि झालंही तसंच. सकाळी यंत्र सुरू झालं की कळप हजर, कळप आला की यंत्र बंद. भावोजी रोज बुंध्यावर, मी रोज किटली घेऊन. मला वाटलं, जिंकलो आपण. रिस्तीनला मी म्हटलंसुद्धा, तुझ्या कायद्यापेक्षा काकांचं 'नाही' भारी. पण तोडणारे काय असे हरतात? एका दुपारी हाम्पुस पुन्हा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "उद्या माणसं येतील. झाडांभोवती कुंपण घालून तोडायचं असं वरून आलंय. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो. मला वाईट वाटतं, काका."

भावोजींनी मान हलवली. हाम्पुस वळून गाडीकडं चालायला लागला. कुंपणाला काय उत्तर देणार? खालचा पट्टा जनावरांनी चाटूनपुसून खाल्ला होता, आणि वरची उभी झाडं उद्या जाणार होती.

"थांब," भावोजी म्हणाले. "वर चल."

कुणी काही विचारलं नव्हतं. हाम्पुस थांबला, मीही किटली तिथंच ठेवून मागोमाग गेले. वरच्या अंगाला एक स्प्रूस आहे, दोघांच्या कवेत न मावणारा, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दाढ्यांनी भरलेला. त्याच्याखाली जाऊन भावोजींनी टोपी काढली.

"इथून आई पडली," ते म्हणाले.

सासूबाई पडून गेल्या, एवढंच घरात आम्हाला माहीत. निल्लास तेव्हा पाळण्यात होता. सासरे त्यावर कधी बोलले नाहीत, आणि भावोजींना कुणी विचारलं तर म्हणायचे, "पडून." मी आपली धरून चालले होते, की नदीच्या काठाला घसरल्या असतील.

"असाच हिवाळा होता," भावोजी सांगायला लागले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना, इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. "खाली जनावरं मरत होती. बाबा मदत मागायला पलीकडच्या खोऱ्यात गेले होते. उरलेली जनावरं आईनं इथं आणली. निल्लासला शेजारणीकडं ठेवायची आणि मला घेऊन यायची. ती झाडावर चढायची, लाह्पू तोडून खाली टाकायची, मी ते पसरायचो. जनावरं इतकी भुकेली होती की माझ्या हातातून ओढून घ्यायची. आई अगदी वर गेली होती. तिनं वरून विचारलं, अजून पाहिजे का रे? मी बघितलं. एका पाडसाला मिळालं नव्हतं. मी म्हटलं, हो."

त्यांनी वर, झाडाच्या शेंड्याकडं बघितलं.

"ती पुढच्या फांदीवर गेली. फांदी मोडली." मग म्हणाले, "पाडस जगलं. आत्ता खाली आहेत ती सगळी तेव्हा जगलेल्यांच्या वंशातलीच."

मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही. नडगीवर मारलेल्या त्या दोन लाथा मलाच लागत होत्या. हाम्पुसनं आपलीही टोपी काढली होती आणि त्याचे कान थंडीनं लाल झाले होते. बोलला तेव्हा तो आमच्या भाषेत बोलला, एकेक शब्द जुळवत.

"मी चुकीचं विचारलं होतं, काका."

"ऐकलंस बरोबर," भावोजी म्हणाले.

"हो. पण विचारलं चुकीचं. मी आज तसं सांगतो."

त्यानं सांगितलंही. खाली येऊन, तोर्ग्नीच्या आणि माझ्या देखत, त्यानं वरच्या बाईला फोन लावला. म्हणाला, या टेकडीसाठी कळपवाल्यांकडं केलेली विचारणा माझ्या चुकीमुळं फुकट गेलीय, ती धरता येणार नाही, पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, ते काही आम्हाला ऐकू आलं नाही. पोरगा "हो", "हो, माझीच चूक" एवढंच म्हणत होता. कुंपणवाले आले नाहीत. यंत्र ट्रेलरवर चढवून नेलं. हाम्पुसला आता जंगलात पाठवत नाहीत, शहरात कुठल्याशा टेबलापाशी बसवलंय. नवीन विचारणा अजून व्हायचीय आणि तिचं काय होईल ते रिस्तीनलाही सांगता येत नाही. वरची झाडं आज उभी आहेत.

त्या दिवशी उतरताना मला भावोजींना एक विचारायचं होतं. तेव्हा तुम्ही केवढे होतात, एवढंच. अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि ते मला ऐकवलं नसतं. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही बर्फावरून सावकाश खाली आलो.